राहत्या पत्त्याचं पत्र

मिस्त्रीला प्रार्थनाघराच्या मदत समितीत घेतलं ते त्याच्याकडे टेम्पो होता म्हणून, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. पेशाने तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. प्रार्थनाघरात गेली वीस वर्षं तो शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसायचा. कुठे कुणी लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन आला तर कुणाच्या पायावर पाय न देता निघता यावं म्हणून. पहिल्या रांगेतल्या निम्म्या लोकांना त्याचा चेहरा माहीत होता, आवाज माहीत नव्हता.

एका सभेत बाबांनी, म्हणजे प्रार्थनाघराच्या वयस्कर प्रवचनकारांनी, सांगितलं की लढाईत घरदार गेलेलं एक कुटुंब आपल्या शहरात येतंय आणि त्यांना इथे रुजवायची जबाबदारी आपण घ्यायची. सभागृहात हुंदके ऐकू आले. कोण कोण मदत करेल, असं विचारल्यावर हातांचं जंगल उभं राहिलं. मिस्त्रीचाही हात वर गेला, आणि घरी जाईपर्यंत त्याचा ऊर भरून आलेला होता.

"हात वर करायला काय लागतं?" त्याची थोरली बहीण म्हणाली. "खांदा दुखत नसला की झालं."

ताई निवृत्त परिचारिका. भाऊ-बहीण एकाच घरात राहायचे. गाण्याच्या गटात आपल्याला मागे उभं केलं, या कारणावरून तिने सात वर्षांपूर्वी प्रार्थनाघर सोडलं होतं आणि त्या जागेबद्दल तिच्या तोंडून बरा शब्द निघत नसे.

कुटुंब आलं. चार माणसं: सत्तरीचे आजोबा, त्यांची सून, आणि अकरा नि सात वर्षांच्या दोन नाती. आजोबांचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, अजून छावणीतच होता. त्याची फाईल वेगळी पडली होती आणि ती का वेगळी पडली हे कुणी सांगू शकत नव्हतं. आजोबांनी आपल्या मोडक्या बोलीत तिची ओळख "सून, सून" अशी करून दिली, तेव्हापासून सगळे तिला सूनबाईच म्हणायला लागले. छावणीतल्या दोन वर्षांत ती इथली भाषा बऱ्यापैकी शिकली होती.

त्यांना प्रार्थनाघराच्या वरच्या दोन खोल्या दिल्या. बाहेरगावच्या पाहुण्या वक्त्यांसाठी त्या ठेवलेल्या असत. खरं सांगायचं तर स्वागतात कसूर नव्हती. जुन्या कपड्यांची अकरा पोती आली. चार इस्त्र्या आल्या. जागच्या जागी चालवायची एक व्यायामाची सायकल आली, ती मिस्त्रीने टेम्पोतून आणली आणि तीन जिने खांद्यावरून चढवली. उशी मात्र कुणालाच सुचली नव्हती. ती ताईने दिली, कुरकुरत. प्रार्थनाघराचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींचं गाद्यांचं मोठं दुकान होतं. त्यांनी चार कोऱ्या गाद्या पाठवल्या, प्लॅस्टिकही न काढलेल्या. ते त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

मग आठ-दहा दिवस लोक जिने चढून त्यांना बघायला येत राहिले. एकीने सूनबाईला गिझर कसा लावायचा ते दाखवलं. दुसरीने थर्मामीटर कसा धरायचा ते शिकवलं. सूनबाई नऊ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. तिने मान डोलावली, थर्मामीटर नीट धुतला आणि कपाटात ठेवून दिला.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलींना शाळेत घालायचं होतं.

मिस्त्री त्या तिघींना टेम्पोत घालून जवळच्या शाळेत घेऊन गेला. खिडकीतल्या कारकुनाने सगळे कागद पाहिले, उलटेसुलटे केले. लसींचे होते, ओळखीचे होते, फोटोही होते.

"राहत्या पत्त्याचं पत्र?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"घरमालकाचं. ही माणसं आमच्या जागेत राहतात, एवढं एक वाक्य, सही आणि शिक्का. महिनाअखेरपर्यंत आणा. नंतर जागा राहत नाहीत."

एक वाक्य. मिस्त्री तिथून तडक सेक्रेटरींच्या दुकानात गेला. सेक्रेटरींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "देऊ की! त्यात काय एवढं. फक्त मंडळापुढे ठेवतो, रीत म्हणून."

मंडळ सात जणांचं, आणि बैठक भरायला पाच लागत. पहिल्या बैठकीला चार आले. त्यांनी अर्धा तास पाचव्याची वाट पाहिली, चहा घेतला आणि उठले. दुसऱ्या बैठकीला पाच आले, पण आधी गळक्या छताचा विषय निघाला, मग सभागृहाच्या पडद्यांचा. पडदे निळे की बदामी यावर पाऊण तास गेला. तेवढ्यात एका सभासदाला नातीला आणायला जायचं होतं म्हणून तो उठला आणि बैठक मोडली. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसून होता. आतून "बदामी लवकर मळतो" एवढं ऐकू आलं तेव्हा त्याला दार लाथेने उघडावंसं वाटलं. त्याने आयुष्यात एकही दार लाथेने उघडलं नव्हतं. दारं सरळ करणं हा त्याचा धंदा होता.

तिसऱ्या बैठकीला त्याला आत बोलावलं.

"तसं कुणाच्याच मनात काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण आपण 'राहतात' असं लेखी दिलं की तो कायमचा पुरावा होतो. उद्या खोल्या हव्या झाल्या तर? मी एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, जपून."

"अहो, शाळेसाठी हवंय ते," मिस्त्री म्हणाला. "पोरी दिवसभर खिडकीतून खालची शाळेची बस बघतात."

"आम्हाला काय दगडाचं काळीज आहे का? 'पाहुणे म्हणून मुक्कामास आहेत' असं देतो. तेही पत्रच."

ते पत्र घेऊन मिस्त्री शाळेत गेला. कारकुनाने वाचलं आणि खिडकीतून परत सरकवलं. "पाहुण्यांची मुलं आम्ही घेत नाही. पाहुणे जातात."

महिना संपायला सहा दिवस उरले होते. मिस्त्री बाबांकडे गेला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी प्रार्थना करतो आहे, बाळा. मंडळाच्या व्यवहारात मी कधी पडलो नाही."

"बाबा, तुम्ही म्हणालात म्हणून दोनशे माणसांनी हात वर केले," मिस्त्री म्हणाला. "मला त्यातला एकच हात हवाय. सही करणारा."

बाबांनी डोळे उघडले. मिस्त्रीला आपला आवाज चढला याचं वाईट वाटलं. जिना उतरताना तेही वाटेनासं झालं.

घरी येऊन त्याने पान्यांची पेटी जमिनीवर आपटली. ताईने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय ते एकदा नीट सांग. नुसतं सामान आपटू नकोस."

त्याने सांगितलं. ताईने चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाली, "मागच्या दोन खोल्या बंदच आहेत. एकीत तुझी भंगारातली यंत्रं आणि एकीत माझ्या जुन्या पेट्या. आण त्यांना इकडे. घर आपलं आहे, पत्र मी लिहून देते. शिक्का नाही, पण अंगठाही देईन."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय? त्या लोकांना तेवढंच कळेल की खोली द्यायला मंडळ लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर सुट्टी टाकली. दोघांनी मिळून खोल्या रिकाम्या केल्या, भिंती पुसल्या. संध्याकाळी तो आनंदाने प्रार्थनाघराचे तीन जिने धावत चढला आणि सूनबाईला बातमी दिली. आजोबा खुर्चीत बसले होते, मुली जमिनीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होत्या.

सूनबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "नाही, दादा."

"नाही म्हणजे?"

"मी नाही हलणार इथून."

मिस्त्रीला वाटलं, भाषेचा काहीतरी घोटाळा झाला. त्याने परत सांगितलं, हळू, मोठ्या आवाजात, जसं लोक तिच्याशी बोलायचे आणि त्याला ते आवडायचं नाही. तिने परत नाही म्हटलं. तेव्हा मात्र त्याचा तोल गेला.

"अहो, तुम्हाला हवंय तरी काय? महिनाभर मी या ऑफिसातून त्या ऑफिसात नाचतोय. माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने खोल्या घासल्या. आता यात काय कमी राहिलं?"

आजोबांनी मान वर केली. मुलींच्या पेन्सिली थांबल्या.

सूनबाई उठली. कपाटातून तिने एक कागद आणला आणि त्याच्यापुढे धरला. तिच्या नवऱ्याच्या अर्जाची प्रत होती. कुटुंबाचा पत्ता या रकान्यात याच खोल्यांचा पत्ता होता.

"पत्ता बदलला की फाईल पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "छावणीत माझ्या शेजारची बाई होती. तिने बदलला. नवरा अजून तिकडे. दीड वर्ष." तिने कागद घडी घालून परत ठेवला. "तुमची ताई चांगली आहे. घर चांगलं असेल. पण मला दुसरं घर नको. या घराचं नाव त्या मंडळाच्या माणसाने लिहावं, एवढंच पाहिजे."

मिस्त्री खाली बसला. त्याला राग आला होता आणि आता तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. हे तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं; त्यानेही नाही.

"तो सही करणारा माणूस," सूनबाईने विचारलं, "दिवसा कुठे असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा सेक्रेटरींना दारात चौघं दिसली. मिस्त्री मागे टेम्पोला टेकून उभा होता.

"या, या!" सेक्रेटरी म्हणाले. "काय हवं?"

"काही नाही," सूनबाई म्हणाली. "मुलींना शाळा नाही. घरी दिवस जात नाही. इथे बसू का? पत्र झालं की जाऊ."

आता नाही तरी कसं म्हणणार? त्यांनी बसा म्हटलं. मुली एका सोफ्यावर वह्या उघडून बसल्या. सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. आजोबा थोडा वेळ उभे राहिले, मग शोसाठी मांडलेल्या सगळ्यात जाड गादीच्या कडेला टेकले, आणि अकराच्या सुमाराला त्यांना तिथेच डोळा लागला.

पहिल्या दिवशी सेक्रेटरी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "हे आमचं कुटुंब. आमच्या प्रार्थनाघराने यांना आणलंय." लोक कौतुकाने मान हलवायचे. एका जोडप्याने तर आजोबा घोरताहेत तीच गादी मागितली. दुसरी नको, हीच, माणसाला इतकी शांत झोप लागते म्हणजे चांगलीच असणार. आजोबांना उठवून गादी बांधून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी एका म्हातारीने मुलींना विचारलं, "आज शाळा नाही का गं?"

"शाळेत घेत नाहीत," थोरली म्हणाली. तिची भाषा आईपेक्षा साफ होती. "आम्ही राहतो त्याचं पत्र नाही."

"कोण देत नाही?"

थोरलीने बोट केलं. अगदी सरळ, काउंटरकडे.

सेक्रेटरींनी हसायचा प्रयत्न केला. दुपारी त्यांनी मिस्त्रीला फोन करून सुनावलं, "हे तू शिकवलंस त्यांना? भर बाजारात माझी अब्रू काढायची? गाद्या मी दिल्या, विसरलास?"

"मी काही शिकवलं नाही," मिस्त्री म्हणाला. तो एका लिफ्टच्या छतावर उकिडवा बसला होता. "मला सुचलं असतं तर महिनाभर बाकावर कशाला बसलो असतो?"

तिसऱ्या दिवशी पावणेदोनला, दुकानात कुणी नसताना, सेक्रेटरी काउंटरमागून बाहेर आले आणि सूनबाईसमोर खुर्ची ओढून बसले. मिस्त्री डबा घेऊन आला होता, तो दारातच थांबला.

"तुम्हाला मी वाईट माणूस वाटतो," सेक्रेटरी म्हणाले. "माझ्या वडिलांनी ओळखीच्या एकाला गोदाम दिलं होतं. चार दिवसांसाठी. ते सोळा वर्षांनी परत मिळालं, कोर्टातून. ते बघायला वडील राहिले नव्हते. तेव्हापासून कुठल्याही कागदावर सही करायची म्हटलं की माझा हात पुढे जात नाही. खरंच सांगतो."

सूनबाईने सगळे शब्द नीट लावून घेतले.

"तुमचं गोदाम सोळा वर्षांनी आलं," ती म्हणाली. "माझं घर येणार नाही. ते पडलं. मी पाहिलं." तिने धाकटीची वही जवळ ओढली. "मला तुमची खोली नको, साहेब. खोली ठेवून मी काय करू? माझा माणूस आला की आम्ही जाऊ. पाहिजे तर मी लिहून देते. आधी माझी सही, मग तुमची."

तिने धाकटीच्या वहीतलं एक पान फाडलं आणि लिहायला घेतलं. अक्षरं तिला पाठ नव्हती. 'सोडू' मधला 'ड' तिने उलटा काढला, खोडला, पुन्हा काढला. सेक्रेटरी बघत होते. तिसऱ्या ओळीवर त्यांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

"राहू द्या. लाजवू नका."

त्यांनी ड्रॉवरमधून प्रार्थनाघराच्या नावाचा कोरा कागद काढला, एक वाक्य लिहिलं, सही केली, शिक्का मारला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मिस्त्री पुढे झाला. "आणि मंडळ?"

"मंडळाचं मी बघतो."

"म्हणजे तुमच्या एकट्याच्या सहीने चालतं?"

सेक्रेटरी शिक्क्याच्या डबीचं झाकण लावत होते. "असल्या साध्या पत्राला चालतं. पण जबाबदारी एकट्यावर येते ना."

मिस्त्रीच्या हातात डबा होता म्हणून बरं. तीन बैठका, निळे पडदे, बदामी पडदे, पाहुण्यांचं पत्र, बाबांचे मिटलेले डोळे, हे सगळं त्याला बोलून दाखवायचं होतं. सूनबाईने कागद दोन्ही हातांनी धरला होता आणि ती शाई वाळायची वाट बघत होती. त्याने डबा काउंटरवर ठेवला आणि टेम्पोची किल्ली काढली.

ते शाळेत पोहोचले तेव्हा मुदत संपायला दोन दिवस होते. कारकुनाने पत्र पाहिलं आणि मान हलवली. "आता ठीक. धाकटीला जागा आहे. थोरलीचा वर्ग परवाच भरला."

"पण मुदत तर अजून आहे!"

"मुदत आहे, जागा नाही. मी काय वर्गाच्या भिंती मागे सरकवू?"

थोरलीला नदीपलीकडच्या शाळेत जागा मिळाली, दोन बस बदलून जावं लागेल अशी, तीही एक इयत्ता खाली. मिस्त्रीने प्रार्थनाघराच्या फलकावर तक्ता लावला: मुलीला सकाळी शाळेत सोडायचं आहे, नावं लिहा. चौदा नावं आली. पहिल्या आठवड्यात त्यातली दोन माणसं उगवली. बाकीच्यांपैकी कुणाची पाठ धरली, कुणाकडे पाहुणे आले, आणि एकाने आपण नाव कशासाठी लिहिलं हेच विसरल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं. न सांगता न चुकता यायची ती एक शिंपीणबाई, एक निवृत्त पोस्टमन, आणि ताई. ताईने तक्त्यावर नाव लिहायला साफ नकार दिला होता, पण दर मंगळवारी ती मुलीबरोबर दोन्ही बसमधून जायची आणि परतताना मंडळाबद्दल काय काय ऐकवायची ते मिस्त्रीला पाठ झालं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मिस्त्रीने परवानगी मागून एक ठराव मांडला. यापुढे कुणालाही आपल्या जागेत ठेवलं तर पत्त्याचं पत्र पहिल्या दिवशी, किल्लीबरोबर द्यायचं. वीस वर्षांत तो पहिल्यांदाच तिथे उभा राहून बोलला. भाषण जमलं नाही, तो दोनदा अडखळला आणि शेवटी म्हणाला, "गाद्यांच्या आधी पत्र, एवढंच." ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. सेक्रेटरींनी बाजूने मत दिलं. मिस्त्रीला ते अपेक्षित नव्हतं आणि त्यामुळे त्याला जरा वैतागच आला. महिनाभर त्या माणसावर जमवलेला राग आता ठेवायचा कुठे?

वार्षिक अहवाल निघाला तेव्हा पहिल्याच पानावर सेक्रेटरी दोन्ही मुलींबरोबर उभे होते, पाठीवर दप्तरं घेतलेल्या. फोटोखाली 'सेवेचं फळ' असं छापलं होतं. मिस्त्रीने तो अहवाल टेम्पोच्या काचा पुसायला वापरला.

सूनबाईला एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचं काम मिळालं. नळीवरचं लेबल चुकलं की ती ते तिथल्या तंत्रज्ञाच्या आधी ओळखते. तिचं प्रमाणपत्र मान्य व्हायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. नवऱ्याची फाईल 'विचाराधीन' आहे. दर सोमवारी ती फोन करते, दर सोमवारी तोच शब्द ऐकते, आणि तो शब्द ती आता बिनचूक उच्चारते.

परवा मिस्त्रीला एका इमारतीत लिफ्ट अडकल्यामुळे उशीर झाला. तो पोहोचला तेव्हा थोरली दप्तर लावून फुटपाथवर येरझारा घालत होती. टेम्पोत बसताच तिने दार धाडकन लावलं.

"काका, सात मिनिटं!"

"अगं, माणूस अडकला होता आत."

"माझा पहिला तास गणिताचा आहे. बाई उशीर झाला की मागे बसवतात. मागून फळा दिसत नाही."

"बरं, बरं."

"उद्या पाच मिनिटं आधी या. नाहीतर मी बसने जाते."

ती सबंध रस्ताभर फुगून बसली. शाळेच्या फाटकापाशी टेम्पो पुरता थांबायच्या आधीच तिने उडी मारली आणि मागे न बघता पळाली. मिस्त्री स्वतःशी बडबडत टेम्पो वळवायला लागला: एवढं करायचं आणि वर बोलणीही खायची. पुढच्या सिग्नलला त्याने फोन काढला आणि उद्याचा गजर दहा मिनिटं अलीकडे लावला.